काटा 50 वर, गाडी 58 वर

मोटारसायकलचा मीटर चुकीचा आहे असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या बाजूला? जास्त दाखवतो की कमी? बहुतेकांना ते सांगता येत नाही. "मीटरचं काही खरं नाही" एवढ्यावर विषय संपतो. पण सगळा फरक त्या बाजूतच आहे. काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर फार तर कामावर दोन मिनिटं उशीर होईल. कमी दाखवत असेल तर आपण किती वेगात चाललोय याचा आपल्याला पत्ताच नसतो, आणि तरीही आपण सावकाश चाललोय अशी खात्री असते. ही खात्री मला बंद पडलेल्या मीटरपेक्षा जास्त घातक वाटते. मीटर बंद असला की माणूस निदान जपून तरी चालवतो.

मी राहतो गोव्यातल्या फोंड्याला आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करतो. प्रेशर गेज, तापमापक, व्हर्नियर, वजनकाटे. दिवसभर हेच. प्रत्येक गेज ठराविक मुदतीने आमच्या टेबलावर येतं, पक्क्या मापाशी ताडून बघतो आणि त्याच्यावर चिठ्ठी चिकटवतो: कधी तपासलं, चूक किती, पुढची तपासणी कधी. थोडी चूक प्रत्येक उपकरणात असते, त्याचं काही वाटत नाही. ती किती आहे हे कुणालाच माहीत नसेल तर ते गेज आम्ही लाइनवर जाऊ देत नाही. आणि हेच आम्ही सगळे संध्याकाळी गेटबाहेर येऊन अशा गाड्यांवर बसतो ज्यांचा मीटर शोरूममधून बाहेर पडल्यापासून कुणी तपासलेला नसतो.

माझी गाडी शंभर सीसीची, जुनी, पुढे ड्रम ब्रेक, केबलवर चालणारा काट्याचा मीटर. गेल्या पावसाळ्यात मीटरच्या काचेत पाणी शिरलं, आतून वाफ धरली आणि किलोमीटरचे आकडे अडकले. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच एवढा ओलावा असतो की काचेखालचं रबर जरा कडक झालं की हे होणारच. त्या आठवड्यात मूळ कंपनीचा मीटर मिळत नव्हता, म्हणून गॅरेजमध्ये बाजारातला बसवला. दिसायला हुबेहूब, किंमत निम्म्याहून कमी. काटा छान हलायचा, दिवे लागायचे.

पुढे एकदा शिरोड्याचा माझा सहकारी बोरीपासून माझ्या मागे मागे आला. कारखान्याच्या पार्किंगमध्ये हेल्मेट काढत म्हणाला, "आज कसली घाई होती रे? तुझ्या मागे राहताना माझा काटा 60 पार गेला." मी पूर्ण रस्ता 50 च्या आसपास होतो. म्हणजे माझा काटा 50 च्या आसपास होता.

दोन मीटर वेगवेगळं सांगत असतील तर त्यावरून कुठला चुकीचा ते ठरत नाही. दोन्ही चुकीचे असू शकतात, आणि उलट्या बाजूंना. कंपनीतून येणारे बहुतेक मीटर मुळातच थोडं जास्त दाखवतात, आणि ते मुद्दाम केलेलं असतं. युरोपातला यासंबंधीचा नियम स्पष्ट आहे: मीटरने दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, आणि जास्त असेल तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक 4 किलोमीटर, एवढाच. म्हणजे मोटार खरोखर 50 ने जात असेल तर मीटर 50 ते 59 यांत काहीही दाखवू शकतो. मोटारसायकलींना त्याहून थोडी जास्त मोकळीक आहे. कमी दाखवायला मात्र कुणालाच मोकळीक नाही. टायर नवा-जुना होतो, हवा कमी-जास्त होते, मीटर-मीटरमध्ये थोडा फरक पडतो. हे सगळं धरूनही काटा खऱ्याच्या खाली येऊ नये म्हणून कंपन्या तो थोडा वरच ठेवतात. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 117 व्या नियमानुसार गाडीला स्पीडोमीटर असायलाच हवा, आणि त्याच्या तपासणीसाठी आयएस 11827 हे भारतीय मानकही आहे. पण ही तपासणी नव्या गाडीच्या मंजुरीपुरती. बाजारातून आणलेला सुटा मीटर कोण तपासतो?

तर तिसरं माप हवं. मोबाइलमधलं जीपीएस हे सोपं आणि चांगलं माप आहे, पण आकाश मोकळं हवं आणि वेग स्थिर हवा. माडा-पोफळींच्या सावलीतून जाणाऱ्या रस्त्यावर किंवा वळणांवर त्याचा आकडा मागे रेंगाळतो. म्हणून मी जीपीएस घेतलं आणि जोडीला हायवेवरचे किलोमीटरचे दगड. घड्याळ आणि दगड यांत फसवाफसवीला जागा नाही. 60 च्या वेगाने एक किलोमीटर जायला बरोबर 60 सेकंद लागतात. 50 ने 72. 40 ने 90. 3600 ला सेकंदांनी भागलं की खरा वेग मिळतो, एवढंच गणित. फक्त रस्ता रुंद करताना काही ठिकाणी दगड हललेले असू शकतात, त्यामुळे एकाच किलोमीटरवर विसंबू नये, सलग चार-पाच घ्यावेत.

रविवारी पहाटे भाच्याला मागे बसवलं आणि वेर्णा पठारावर गेलो. त्या वेळी हायवे जवळजवळ रिकामा असतो आणि वारा पडलेला असतो. मी फक्त काटा एका जागी धरून ठेवायचा, बाकी काही बघायचं नाही. भाचा दगड आला की घड्याळ दाबायचा आणि मोबाइलवरचा आकडा वाचायचा. चालवणाऱ्याने स्वतः मोबाइलकडे बघत हे करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. मागे माणूस नसेल तर तपासणी दुसऱ्या दिवशी करा.

काटा 40 वर धरला तेव्हा किलोमीटरला 78 सेकंद लागले. म्हणजे खरा वेग 46. काटा 50 वर, 62 सेकंद. म्हणजे 58. "मामा, मोबाइल पण 58 च सांगतोय," भाचा मागून ओरडला. जाताना-येताना दोन्ही बाजूंनी करून पाहिलं, आकडे तेच. दर वेगाला साधारण 15-16 टक्क्यांचा फरक, आणि तो चुकीच्या बाजूला.

8 किलोमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. 50 ऐवजी 58 असेल तर ते अंतर जवळपास 35 टक्क्यांनी वाढतं. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर. पहिल्या पावसात तेल-माती वर आलेल्या रस्त्याचा हिशोब मी इथे मांडत नाही. आणि यात आणखी एक गोष्ट मिसळते. वेर्ण्याच्या रुंद रस्त्यावरून लोटलीच्या बाजूला वळलं की डोळ्यांना वेगाची सवय झालेली असते. चौपदरीवर 60 सुद्धा रांगल्यासारखं वाटतं आणि तीच नजर घेऊन आपण गावच्या रस्त्यात शिरतो, जिथे वळणावर घराची पायरी थेट डांबराला लागलेली असते आणि शाळेतली मुलं कडेने चालत असतात. अशा वेळी आपल्या अंदाजावर अजिबात जाऊ नये, काट्यावर जावं. तोच काटा कमी दाखवत असेल तर मग आधार कशाचा?

चूक किती ते कळलं. पण कुठे आहे ते कळल्याशिवाय पार्ट बदलत सुटण्यात अर्थ नव्हता. इथे काट्याचा मीटर आतून कसा चालतो ते सांगायला हवं, कारण त्यात निदान करण्याची फार सुंदर सोय आहे. पुढच्या चाकाच्या ड्रमपाशी मीटर वर्म असतो, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा मळसूत्री गिअर. तो केबलच्या आतली तार फिरवतो. ती तार वर मीटरमध्ये एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची एक छोटी वाटी असते, पण ती चुंबकाला कुठेही टेकलेली नसते. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. तिला मागे खेचून धरते एक स्प्रिंग, घड्याळात असते तशी केसाएवढी बारीक. चुंबकाची ओढ आणि स्प्रिंगचा ताण जिथे बरोबरीला येतात तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झ या जर्मन माणसाने 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं आणि आजही लाखो गाड्यांवर हीच रचना आहे. मला तिचं मनापासून कौतुक वाटतं. दात नाहीत, घर्षण जवळजवळ नाही, आणि वेग सरळ रेषेत काट्यावर उतरतो.

किलोमीटरचे आकडे मात्र त्याच केबलवरून वेगळ्या, दात्यांच्या रस्त्याने चालतात. तिथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही. केबल इतक्या वेळा फिरली की एक किलोमीटर, बस. म्हणूनच दोन्ही वेगवेगळे तपासायचे. काटा आणि किलोमीटर दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर दोष मीटरच्या खाली आहे: टायरचं माप बदललंय, वर्म चुकीचा बसलाय, किंवा मीटर दुसऱ्याच मॉडेलचा आहे आणि त्याला दर किलोमीटरला वेगळ्या संख्येने फिरणारी केबल हवी आहे. किलोमीटर बरोबर आणि फक्त काटा चुकतोय तर दोष मीटरच्या पोटात, चुंबकात किंवा स्प्रिंगमध्ये. चुंबक कमजोर असेल किंवा स्प्रिंग जास्त ताठ असेल तर काटा कमी दाखवणार. स्प्रिंग ढिली पडली तर जास्त. आणि काटा थरथरत असेल, मधेच उसळी मारत असेल तर आधी केबल बघायची.

मी दहा दगडांच्या अंतरावर किलोमीटरचे आकडे ताडून पाहिले. जवळजवळ दहाच भरले. शिवाय घरी अंगणात चाकाचा घेर मोजला. टायरवर आणि खाली लादीवर खडूची खूण केली, भाचा गाडीवर बसला (वजन हवंच, नाहीतर टायर फुगलेला राहतो आणि माप जास्त येतं), आणि चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत मी गाडी सरळ ढकलली. खूण ते खूण 1 मीटर 84 सेंटीमीटर. 2.75-18 च्या टायरला हे ठीक आहे. म्हणजे टायर निर्दोष, वर्म निर्दोष, केबल निर्दोष. बाजारातल्या मीटरची स्प्रिंग आणि चुंबक यांचं जमवूनच कुणी पाहिलेलं नव्हतं.

टायरचं निघालंच आहे तर तेही सांगतो, कारण गॅरेजमध्ये सगळा दोष टायरवर ढकलायची पद्धत आहे. पुढचा टायर 2.75 च्या जागी 3.00 घातला तर घेर साधारण 2 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे 50 ला 51. टायर झिजून नक्षी 4 मिलिमीटर कमी झाली तर घेर अडीच सेंटीमीटरने घटतो, म्हणजे उलट बाजूला दीड टक्क्याच्या आत. टायरमुळे चूक होते, पण एवढीच. 15 टक्के चूक टायरमुळे होणार नाही. नव्या डिजिटल मीटरवाल्यांनाही टायरचं हे गणित लागू आहे, कारण तिथेही सेन्सर चाकाचे फेरेच मोजतो. काही गाड्यांत तो सेन्सर गिअरबॉक्सपाशी असतो. त्यांनी मागचं किंवा पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदललं की मीटर चुकणार, पुढच्या चाकावरून मोजणाऱ्यांचा चुकणार नाही.

मूळ मीटर मागवला तो यायला वेळ होता. तोवर काचेवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके दिले: खऱ्या 40 ला काटा जिथे येतो तिथे एक (साडेचौतीसच्या जवळ), खऱ्या 50 ला 43 वर एक, आणि खऱ्या 60 ला 52 च्या किंचित खाली एक. ठिपका देताना डोळा अगदी समोर हवा, बाजूने बघितलं तर काटा आणि काच यांच्यातल्या फटीमुळे खूण सरकते. कारखान्यात गेजला चिठ्ठी लावतो तसंच हे. तेवढे दिवस आकडे वाचायचेच नाहीत, ठिपके बघायचे. सवय व्हायला वेळ लागला नाही.

जुना मीटर उघडून स्प्रिंग जुळवता येते का, असं मला काहींनी विचारलं. येते. पण काचेभोवतीची पत्र्याची कड दाबून बसवलेली असते, ती उकलली की परत तशी पाणीबंद बसणं अवघड, आणि आपल्या पावसात तोच मीटर पुन्हा वाफेने भरणार. ज्या जुन्या गाड्यांना मूळ मीटर मिळतच नाही त्यांच्यासाठी तो मार्ग आहे. ज्याला मिळतोय त्याने त्या भानगडीत पडू नये.

मूळ मीटर बसवल्यावर पुन्हा त्याच रस्त्यावर तपासणी. काटा 50 वर धरून किलोमीटरला 76-77 सेकंद. खरा वेग 47. जास्त दाखवतोय, जसा दाखवायला हवा तसा. 60 वर 56. मला हे पूर्ण मान्य आहे, आणि हे आकडे मी टाकीखालच्या खोबणीत ठेवलेल्या कागदावर तारखेसकट लिहून ठेवले आहेत.

एक गोष्ट मेकॅनिक हमखास विसरतात. नवा मीटर शून्यापासून सुरू होतो. जुन्या मीटरवरचे किलोमीटर, बदलल्याची तारीख आणि बिल, हे सर्व्हिस बुकात लिहून घ्या. पुढे गाडी विकताना घेणाऱ्याला खरं सांगता येतं, आणि ऑइल कधी बदलायचं याचा हिशोबही तुटत नाही.

केबलबद्दल थोडं. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत आतली तार गंजते आणि मग काटा नाचायला लागतो. तार खालून बाहेर ओढून पुसायची, हलकं ग्रीस लावायचं, पण मीटरकडचं वरचं टोक चार बोटं कोरडं ठेवायचं. नाहीतर फिरता फिरता ग्रीस वर चढतं, मीटरमध्ये शिरतं आणि ती वाटी चुंबकाबरोबर चिकटून ओढली जाते. मग काटा भलतंच काही दाखवतो. तारेला कुठे पीळ किंवा तीव्र वाक असेल तर मात्र ग्रीसने काही होत नाही, केबलच बदलावी.

हे सगळं मी आमच्या वाड्यावरच्या एका मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सी चालवणाऱ्या, काकांना सांगत होतो. पिवळ्या-काळ्या गाडीवर त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांच्या मीटरचा काटा शून्यावर झोपलेला. ते म्हणाले, "मीटर पळोवन कोण गाडी चलयता रे?" (मीटर बघून कोण गाडी चालवतो?) मी त्यांचा आदर करतो, इंजिनच्या आवाजावरून वेग सांगणारे लोक आहेत हे मला माहीत आहे. पण मी त्यांना म्हटलं, "काका, तुमच्या मागे रोज अनोळखी माणसं बसतात, त्यांना तुमचा कान माहीत नाही. आणि चौपदरी झाल्यापासून रस्त्याचा आवाजही बदललाय." ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन घरी आले.

गोव्यात भाड्याने दुचाकी घेणाऱ्या कोल्हापूर-पुण्याकडच्या मंडळींनाही माझं हेच सांगणं आहे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या त्या गाड्या दिवसाला नव्या माणसाच्या हातात असतात. किल्ली घेण्याआधी ब्रेक आणि टायर बघता तसं पन्नास पावलं चालवून काटा उठतो का बघा, आणि मोकळ्या रस्त्यावर मागच्या माणसाला मोबाइलवरचा वेग वाचायला सांगा. काटा उठत नसेल तर दुसरी गाडी मागा. अनोळखी रस्ता, अनोळखी गाडी, त्यात वेगाचा आंधळा कारभार, हे तिन्ही एकत्र नको.

काकांच्या गाडीचं निदान सोपं निघालं. किलोमीटर आणि काटा दोन्ही बंद, म्हणजे दोष मीटरच्या खाली. चाक उतरवलं तर वर्मचे दात पार गुळगुळीत झाले होते आणि केबलची तार मधोमध तुटलेली. दोन्ही बदलले. मीटर मात्र ठणठणीत होता. परवा आम्ही कुर्टीच्या बाजूला जीपीएस लावून पाहिलं, तर काटा 50 ला गाडी 46-47. काकांनी ते आकडे एका चिठ्ठीवर लिहून मागितले, आणि आता त्यांच्याच स्टँडवरच्या आणखी दोन गाड्या येत्या रविवारी तपासायला येणार आहेत.